कमर्शियल सोडून कोरल ड्रॉ शिकू का?

पत्र :

ताई, नमस्कार. मी कळंब तालुक्यातला. बारावीनंतर कलेचा फाउंडेशन कोर्स केला, आता संभाजीनगरच्या एका खासगी कॉलेजात जी. डी. आर्ट कमर्शियलच्या, म्हणजे जाहिरातकलेच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे अण्णा, म्हणजे वडील, पेंटर. कळंब-येरमाळा रस्त्यावरच्या कितीतरी भिंतींवरची अक्षरं एके काळी त्यांच्या हातची होती. फ्लेक्स आल्यापासून काम नाही, आणि आता गुडघ्यांमुळं शिडीवर चढवतही नाही. गावाकडचा मित्र लातूरहून तीन महिन्यांचा ग्राफिक डिझाइनचा कोर्स करून आला. आता कळंबला फ्लेक्सच्या दुकानात बसतो, महिन्याला पगार घेतो. मी अजून शीटवर शीट रंगवतोय. खोलीचं भाडं, मेस, रंग, कागद, सगळं घरून येतं. मागच्या सुट्टीत अण्णा म्हणाले, ‘माझ्या हाताला कुणी इचारंना, तुझ्या डिप्लोम्याला कोण इचारणार?’ वर आता एआय चित्रं काढतंय. कॉलेज सोडून कोरल ड्रॉ, फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा कोर्स करू का? या पदविकेला डिग्रीपुढं काही किंमत आहे का? माझं डोकं चालंना. नाव छापू नका.

उत्तर :

नाव छापलेलं नाही. गावाचं नावही गाळलंय, कारण पेंटर म्हटलं की तालुक्यात लगेच ओळख पटते.

कॉलेज सोडू नकोस. फाउंडेशन झालं, दुसरं वर्ष चालू आहे, म्हणजे कंटाळवाणा भाग जवळपास संपत आला. सुरुवातीची वर्षं हात बसवण्यात जातात. वस्तुचित्र, रंगाच्या पट्ट्या, अक्षरांचे सराव, रात्र रात्र जागून पूर्ण केलेली सबमिशन. त्यातून बाहेर काय येणार हे विद्यार्थ्याला दिसत नाही, घरच्यांना तर नाहीच नाही. पुढच्या दोन वर्षांत पॅकेजिंग येतं, बोधचिन्ह येतं, एका वस्तूची सबंध जाहिरात मोहीम येते. दाखवता येईल असं काम तिथं तयार होतं. तू नेमका त्याच्या उंबऱ्यावरून परत फिरायचं म्हणतोयस.

पण तुझ्या मित्राचं काम आधी नीट बघू. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पाच-सहा फोटो टाकतं आणि खुर्चीच्या मागं येऊन उभं राहतं. ऑपरेटर मागच्या वाढदिवसाची फाइल उघडतो, भाऊंचा फोटो बदलतो, वरच्या गोलांतले नेते मानापमान सांभाळून मागंपुढं करतो, नाव टाकतो, पाठवून देतो. बिल कशाचं होतं? फ्लेक्सचं. स्क्वेअर फुटावर. डिझाइन फुकट. गिऱ्हाइकाला विचारलंस तर डिझाइनचे वेगळे पैसे असतात हेच त्याला पटणार नाही. मित्र कष्टाळू असेल, पगारही वेळेवर होत असेल, त्याला कमी लेखायचं कारण नाही. फक्त त्याचा मालक फूट विकतो, हे ध्यानात ठेव. कोरल ड्रॉ येणं म्हणजे ट्रॅक्टर चालवता येणं. ते यायलाच पाहिजे, पण तेवढ्यावर कुणी शेतकरी होत नाही. उद्या दुसरा पोरगा कमी पगारावर त्याच खुर्चीत बसायला तयार होतो, कारण ते शिकायला त्यालाही तीन महिनेच लागलेले असतात.

आता त्याच दुकानातून बाहेर पडलेला एखादा फ्लेक्स वाच. कृषी सेवा केंद्राचा घे. ‘शेतकऱ्यांसाठी’ असं लिहायचं असतं. त्यातला ‘ऱ्य’ ऑपरेटरला कीबोर्डवर सापडत नाही, तो सरळ र, हलन्त, य दाबतो, आणि बोर्डावर येतं ‘शेतकर्यांसाठी’. डोक्यावर रफार घेऊन. मोंढ्याच्या तोंडाशी दहा फुटी बोर्ड, आणि त्यावर शेतकरीच चुकलेला. दुसरीकडं ‘हार्दिक’ची वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसलेली असते, जोडाक्षरं पाय मोडून पडलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-मांडणी चालू केलेली नसली की असं होतं. ती एका सेटिंगची गोष्ट आहे. पण चुकलंय हे डोळ्याला खुपायला तर पाहिजे! तसंच ल आणि श. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं. 2009 च्या शासन निर्णयानं वर्णमाला ठरवून दिली त्यातही हीच आहेत. फ्लेक्सवर मात्र सर्रास दंडाचा हिंदी ल येतो, कारण फॉन्ट हिंदी वळणाचा असतो आणि कुणाचं तिकडं लक्षच नसतं.

तुझ्या अण्णांनी भिंतीवर असा ल कधी काढला असेल का? विचार त्यांना.

इथंच मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट खटकली. अण्णा पेंटर आहेत हे तू अडचण म्हणून लिहिलंयस. कमर्शियलच्या वर्गात कितीजणांच्या घरी चाळीस-पन्नास फूट भिंतीवर हातानं देवनागरी लिहिणारा माणूस आहे? खडूच्या पावडरीत बुडवलेली सुती दोरी दोघांनी ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, की सरळ रेघ उठते. पेंटर शिरोरेघेची एक दोरी मारतो आणि अक्षराच्या पायाची एक. पण शिरोरेघेच्या वर वेलांटीला, मात्रेला, अनुस्वाराला जागा सोडावी लागते, आणि खाली उकाराला. ‘कृषी’ लिहायचं तर खाली ऋकार लोंबतो आणि वर वेलांटी चढते. ‘केंद्र’मध्ये मात्रेच्या शेजारी टिंब बसवायचं असतं. काना अर्ध्या अक्षराचीही जागा खात नाही, ‘क्ष’ दीड अक्षराची खातो. हा सगळा हिशोब पेंटर शिडीवर चढायच्या आधी करतो, कारण भिंतीवर मागं जायची सोय नसते. डाव्या हातात काठी, तिच्यावर टेकवलेलं उजवं मनगट, ऑइल पेंटमध्ये बुडवलेला चपटा ब्रश, आणि उभा दंड एका ओढीत. लग्नघराच्या भिंतीवर ‘शुभविवाह’ आणि त्याखाली चि. आणि चि. सौ. कां. लिहिताना दोन्ही नावांची लांबी वेगवेगळी असूनही दोन्ही बाजू समान दिसल्या पाहिजेत, नाहीतर मुलीकडचे कुरकुर करणार.

तुझे सर टायपोग्राफीच्या, म्हणजे अक्षररचनेच्या, तासाला अक्षरांमधल्या जागेबद्दल जे बोलतात ते हेच. इंग्रजी पुस्तकातून शिकवतात म्हणून ते तुला परकं वाटतं. देवनागरीचं असं शिक्षण वर्गात फार कमी मिळतं, आणि तुझ्या घरी ते फुकट पडून आहे.

तेव्हा पहिलं काम हे कर. या सुट्टीत अण्णांच्या अजून शिल्लक असलेल्या भिंती, दुकानांचे जुने पत्रे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांवरचे सुविचार, ग्रामस्वच्छता अभियानातल्या घोषणा, जे सापडेल त्याचे समोरून, सरळ, उजेडात फोटो काढ. शेजारी मोजपट्टी धरून. मग घरी अण्णांना बसवून अ ते ज्ञ कागदावर ब्रशनं काढून घे. जाड वळणात एकदा, नेहमीच्या वळणात एकदा. बाराखडी घे, जोडाक्षरं घे. ते लिहीत असताना हाताचा व्हिडिओ घे, दंडाला ब्रश कुठून टेकला, गाठ कुठं फिरवली हे दिसेल असा. हे झालं की तुझ्याकडं अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा कच्चा माल आला. यातून एक पूर्ण अक्षरकुल, म्हणजे एका वळणाचा सबंध फॉन्ट, उभं करता येईल. देवनागरी फॉन्टला जोडाक्षरं धरून शेकड्यांनी आकार काढावे लागतात, तेव्हा दोन वर्षं पुरली तरी पुष्कळ. फॉन्टफोर्ज नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुरुवात त्यात कर.

एक सांभाळ. अण्णांना लोककलावंत करून भिंतीला टांगू नकोस. शहरातल्या लोकांना ‘हरवत चाललेली कला’ म्हणून उसासे टाकायला आवडतं, त्यानं अण्णांच्या घरात गॅसची टाकी येत नाही. त्यांच्या अक्षरावर तू पुढं काम घेतलंस, एखादा बोर्ड, एखादं वेष्टन, तर त्यातला वाटा त्यांना रोख दे आणि कामावर त्यांचं नाव टाक. पूर्वी भिंतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव आणि गाव असायचंच की.

आणि त्यांच्या बोलण्याचं म्हणशील, तर ‘माझ्या हाताला कुणी इचारंना’ यात तुझ्याविषयी तक्रार कुठं आहे? ज्या माणसाचं काम यंत्रानं एका दशकात ओढून नेलं, तो पोराला त्याच रस्त्यावर बघून धास्तावणारच. वाद घालू नकोस. त्यांना कॉलेजात घेऊन जा एकदा, वार्षिक प्रदर्शनाला. लेटरिंगच्या शीटपुढं उभे राहिले की काय बोलतील ते तुझ्या सरांच्या शेऱ्यापेक्षा उपयोगी असेल, कडू असलं तरी.

अक्षरावर पोट भरतं का, हा प्रश्न तुझ्या मनात आला असणार. भरलेली माणसं आहेत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी हातानं घडवली, आणि नाटक काय प्रकृतीचं आहे हे लोकांना नावाच्या वळणावरूनच कळायचं. र. कृ. जोशी यांनी आयआयटी मुंबईत शिकवलं, आणि विंडोजमध्ये वर्षानुवर्षं असलेला मंगल हा फॉन्ट त्यांचा. सुलेखनकार अच्युत पालव यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईची ‘एक टाइप’ ही संस्था मुक्ता, बलूसारखे देवनागरी फॉन्ट करते, ते कुणालाही मोफत वापरता येतात. उतरवून घे आणि मोठे करून त्यांचा ल बघ. ही मोठी नावं झाली. तू त्यांच्या रांगेत बसशील असं आश्वासन मी देणार नाही. पण देवनागरी अक्षर नीट बसवता येणाऱ्या माणसाला प्रकाशनं, वर्तमानपत्रं, जाहिरात संस्था, ॲप करणाऱ्या कंपन्या शोधत असतात, आणि शोधूनही थोडेच सापडतात. फ्लेक्सच्या खुर्चीसाठी मात्र कुणाला शोधावं लागत नाही.

कॉलेजात शिकताना आणखी एक गोष्ट कर. सरांनी पॅकेजिंग दिलं की सगळा वर्ग परदेशी चॉकलेटचा नाहीतर परफ्यूमचा डबा करतो. तू तुझ्याच जिल्ह्यातल्या भूम-कुंथलगिरीचा खवा घे. खवा, पेढा रस्त्यालगतच्या दुकानातून साध्या खोक्यात, साध्या पिशवीत विकला जातो, पुण्या-मुंबईपर्यंत जातो आणि तिथं त्याचं गाव हरवतं. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा यांना भौगोलिक मानांकन आहे. पण पेटीवर ते कसं दिसतं ते बघ एकदा बाजारात. खव्याच्या भट्टीवर जा, मालकाला विचार : माल किती दिवस टिकतो, खोक्याला तूप लागतं का, एकावर एक किती खोकी रचतात, खोक्याला किती पैसे परवडतात. मग डिझाइन कर. मुलाखतीत ही फाइल उघडलीस की समोरचा माणूस प्रश्न विचारायला लागेल, आणि तुझ्याकडं उत्तरं असतील.

जाता जाता, तू ज्या शहरात राहतोस तिथून वेरूळ तीस किलोमीटरवर आहे आणि अजिंठा शंभरेक. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य ग्रिफिथ्स 1872 पासून पुढं बारा-तेरा वर्षं मुंबईहून विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला येत होते. ती मुलं किती लांबून यायची! तुमच्या कॉलेजची सहल वर्षातून एकदा जाते, डबा खाऊन परत येते, असं मी बऱ्याच मुलांकडून ऐकलंय. एसटीनं एकटा जा, स्केचबुक घेऊन, पाऊस उघडल्यावर. गावी गेलास की तेरचं लामतुरे संग्रहालय बघ. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या कमर्शियलच्या मुलानं त्या पाहिलेल्या नसाव्यात हे मला पटत नाही.

कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप शीक, जरूर शीक. त्यासाठी कॉलेज सोडायची गरज नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मित्राच्याच शेजारी बस, लग्नसराईत त्याला हात हवाच असतो. महिन्याभरात फाइल लावणं, रंग छपाईत कसे बदलतात, कापणीसाठी कडेला किती जागा सोडायची हे कळेल. याच गोष्टी वर्गात अर्धवट राहतात. घरी सरावाला इंकस्केप आणि क्रिता ही सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट. संभाजीनगरात एखाद्या छापखान्यात संध्याकाळचं काम मिळालं तर घे. मेसचा खर्च त्यातून निघाला तरी अण्णांवरचा भार हलका होईल.

एआयचं थोडक्यात सांगते. चित्र ते काढतं आणि दिवसेंदिवस बरं काढेल. ज्याला नुसतं गोड चित्र हवं होतं तो ग्राहक गेला असं धर. खव्याच्या खोक्याला तूप लागतं का हे मात्र भट्टीवर जाऊनच कळतं. आणि एआयला मराठी लिहायला सांग, मग दहापैकी किती ओळी जशाच्या तशा छापायला देता येतात ते मोज.

आता पदविका विरुद्ध डिग्री. इथं गोड बोलण्यात अर्थ नाही. जी. डी. आर्ट ही शासनमान्य पदविका, बी. एफ. ए. ही विद्यापीठाची पदवी. जिथं जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ असं लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ राज्यसेवा, तिथं पदविका चालत नाही. तसलं काही मनात असेल तर मुक्त विद्यापीठातून बी. ए. पूर्ण करून ठेव. कलाशिक्षक व्हायचं तर कला शिक्षक पदविका, म्हणजे ए. टी. डी., ही वाट वेगळी. कमर्शियलच्या कागदावर शाळेत लागेन असं गृहीत धरू नकोस. जाहिरात संस्थेत, स्टुडिओत, प्रकाशनात मात्र कागद कुणी आधी बघत नाही, पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाची फाइल, बघतात.

आणि एक दार असं आहे जे बऱ्याच पोरांना कुणी सांगतच नाही. आयआयटी मुंबई दरवर्षी सीड नावाची परीक्षा घेते, साधारण जानेवारीत. तिच्यातून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात आणि इतर आयआयटींत डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, एम. डेस.ला, जाता येतं. तिच्या पात्रतेत दहावीनंतरच्या पाच वर्षांच्या जी. डी. आर्टचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्याला किमान एका वर्षाच्या व्यावसायिक अनुभवाची जोड लागते. म्हणजे फाउंडेशन धरून तुझी पाच वर्षं आणि नंतर वर्षभराची नोकरी. तीन महिन्यांच्या कोर्सवाल्याला हे दार बंद आहे. आत्ता कॉलेज सोडलंस तर तुलाही होईल. ज्या वर्षी बसशील त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

एक शंका मात्र आजच फेडून घे. तुझं कॉलेज खासगी आहे. ‘डिप्लोमा इन डिझाइन’ अशी पाटी कुणीही लावतं. तुझा प्रवेश शासनमान्य अभ्यासक्रमाला आहे ना, फाउंडेशनची गुणपत्रिका शासनमान्य आहे ना, हे बघ. असेल तर वर लिहिलेलं सगळं तुला लागू. नसेल तर मला लगेच कळव, मग सल्ला वेगळा असेल.

राहिला पैशाचा प्रश्न. फी घरून जाते असं तुझ्या पत्रावरून दिसतंय. महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवर कला संचालनालयाचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मागासवर्गीय असशील तर त्या त्या विभागाच्या योजना वेगळ्या. कॉलेजच्या क्लार्कला विचार की तुमच्या कॉलेजातून मागच्या वर्षी कोणत्या योजनेचे अर्ज गेले, आणि तुझा का गेला नाही. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदत तपासून घे. संपली असेल तर सुट्टीत कळंबला गेल्यावर आधी तो काढ, भिंतींचे फोटो नंतर.